वरच्या वाड्यांची गाडी

"टाका ना पाय, अब्बा. पडत नाय ती," शाहनवाज म्हणाला.

कासमने पाय टाकला. म्हणजे डाव्या हाताने सीट धरली, उजव्या हाताने गुडघ्याजवळची विजार मुठीत पकडली आणि एखादं पोतं चढवावं तसा स्वतःचाच पाय गाडीच्या पलीकडे चढवला. बसल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणी हसत नव्हतं. हसलं असतं तर बरं झालं असतं, निदान रागावून उतरता तरी आलं असतं.

मंचरच्या त्या शोरूमसमोर दोन विजेच्या गाड्या उभ्या होत्या. कासम बसला होता ती उंच, जाड दातेरी टायरांची. सेल्समन ऋषी तिला 'ऑफरोड' म्हणत होता. शेजारची पांढरी, बुटकी, पाय ठेवायला सपाट जागा असलेली ती 'कम्युटर'. कासमने आल्या आल्या मनातल्या मनात दोघींचं बारसं उरकलं होतं. ही डोंगराची आणि ती रस्त्याची. आणि त्याचं मन त्या रस्त्याच्या गाडीवर बसलं होतं. तिच्यावर चढावं लागत नव्हतं. खुर्चीत टेकावं तसं टेकायचं, पाय समोर ठेवायचे आणि पेठ, निरगुडसर अशी खालची गावं करत डांबरावरून हिंडून उजेडात घरी यायचं.

पण हे तोंडावर आणायची सोय नव्हती. कारण रस्त्याची गाडी घेणं म्हणजे वरच्या वाड्या सोडणं, आणि कासम मण्याराने वरच्या वाड्या सोडल्या हे वाक्य घोडेगावच्या बाजारात कुणाला खरं वाटलं नसतं. स्वतः कासमलाही ते मोठ्याने म्हणवत नव्हतं.

"उंच वाटती जरा," तो हळूच म्हणाला.

"सीट खाली घेऊन देतो, काका," ऋषी म्हणाला. "आणि बाजूला चढायला एक पायरी वेल्डिंग करून देऊ. आमच्याकडं एक डॉक्टर आहेत, त्यांनाही करून दिली."

"मागं बांगड्यांची पेटी असती माझी."

"कॅरियर बसवू."

"अन् वर वाडीत चार्जिंग संपलं तर?"

"करवंदवाडीच्या जानकूभाऊला फोन केला मी कालच," शाहनवाज म्हणाला. "म्हणाला, पडवीत बोर्ड हाय, बिनधास्त पिन लावा. जेवून मग जावा."

कासमने एक श्वास सोडला. माणसं एवढी चांगली असली की पळायला वाट राहत नाही. त्याने शेवटचा खडा टाकून पाहिला. "हिला आवाज न्हाई राव. आपल्याकडं उसातनं बिबट्या निघतो. आवाज न्हाई तर त्याला कळायचं कसं, माणूस येतोय म्हणून?"

"हॉर्न मोठा आहे, काका," ऋषी म्हणाला आणि त्याने तो वाजवून दाखवला. समोरच्या हॉटेलातली माणसं वळून पाहू लागली. तोही मुद्दा निकालात निघाला.

कासमचं आयुष्य सांगायचं तर फार लांबण लावायला नको. बाप जुन्नरचा. त्याने डोक्यावरून बांगड्या विकल्या. कासम घोडेगावात आला, त्याने आधी सायकलवरून आणि मग पेट्रोलच्या स्कूटरवरून विकल्या. शिनोलीच्या पुढे डांबर सोडून डोंगरात जो मातीचा रस्ता शिरतो, त्याच्यावरच्या चार वाड्या त्याच्या. तिथल्या लग्नांतले हिरवे चुडे त्याने भरले, डोहाळजेवणातले भरले, आणि ज्यांचे भरले त्यांच्या लेकींचेही भरले. त्याच्या स्कूटरची फटफट खालच्या वळणावर ऐकू आली की वाडीतल्या बाया हातातलं काम टाकून हात धुवायच्या आणि अंगणात येऊन बसायच्या. जग कितीही बदललं तरी बाई आपला हात परक्या पुरुषाच्या हातात देते ती दोनच ठिकाणी, डॉक्टरकडे आणि मण्याराकडे. ह्या गोष्टीचा कासमला अभिमान होता. मनगट दाबायचं, अंगठा आत दुमडायचा, काहीतरी गमतीचं बोलून बाईचं लक्ष दुसरीकडे न्यायचं आणि तेवढ्यात काच सरकवायची. भरताना बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर नुकसान मण्याराचं, हा धंद्याचा कायदा. त्याच्या हातून क्वचितच वाढायची.

खालच्या गावांत हे सगळं केव्हाच संपलं होतं. तिथे बांगड्या दुकानात मिळत होत्या. पेठेत किंवा निरगुडसरात तो पेटी घेऊन बसला की पोरी रंग बघायच्या, मोबाईलमध्ये फोटो काढायच्या आणि निघून जायच्या. तिथे तो फेरीवाला होता. वर मात्र तो कासमभाऊ होता.

तर असा हा कासमभाऊ गेली काही वर्षं फार म्हणजे फार थकला होता. नुसता गुडघाच नव्हे, सगळा माणूसच थकला होता. वरच्या वाड्यांचा दिवस आला की पहाटे अंथरुणात पडून तो छताकडे बघायचा आणि पाऊस लागावा, ताप यावा, काहीतरी व्हावं, अशी इच्छा करायचा. गेल्या पावसाळ्यात जुनी स्कूटर चढावर कायमची बसली तेव्हा त्याला वाईट वाटलं, हे तो सगळ्यांना सांगत होता. खरं तर त्याला सुटल्यासारखं झालं होतं. त्यानंतर तो वर गेला तो जीपने, पेटी मांडीवर घेऊन, आणि जीपवाला वेळेला मिळत नाही म्हणून कधी कधी जायचाच नाही. ते दिवस त्याने घरी झोपून काढले. इतकी चांगली झोप त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आणि आता हा गुणी मुलगा, कंपनीत ओव्हरटाइम करून, बापाला डोंगराची गाडी घेऊन देणार होता.

शोरूमला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याची बायको जहाँआरा त्याच्या गुडघ्याला तेल लावत होती. घरातलं त्यांचं बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी, ज्याला जे आधी सुचेल ते.

"अजी, सांगून टाका ना त्याला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"थकलो म्हणून. दुसरं काय."

"त्याला सांगंल गं. त्या बायांना काय सांगू? वाट बघतात त्या. मण्यार येणार म्हणून हात मोकळे ठेवून बसतात. ठकूबाईला दुसऱ्या कुणाच्या हातची बांगडी चालत न्हाई."

"तुमाला कसं ठाऊक, चालत नाही म्हणून?"

"तीच म्हणती."

जहाँआराने तेलाची वाटी उचलली. "मग जावा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती दमलेल्या माणसाची बायको होती आणि तेही काम दमवणारंच असतं.

शोरूममधून एका दिवसासाठी गाडी मिळाली. शाहनवाजचा मित्र तिथे मेकॅनिक होता, त्याच्या ओळखीवर. "वर जाऊन या अब्बा," शाहनवाज म्हणाला. "पेटी घेऊन जावा. काच शाबूत राहिली तर हीच घेऊ."

हे ऐकून कासमच्या जिवाला जरा आशा वाटली. अजून एक कारण शिल्लक होतं. सकाळी त्याने पेटी भरली ती अशी, की कुणी मण्याराने पाहिली असती तर कपाळावर हात मारला असता. सगळ्यांत बारीक, सगळ्यांत ठिसूळ काचेच्या बांगड्यांच्या लडी वर ठेवल्या. जुन्या लुगड्याच्या घड्या नेहमी मध्ये दाबून बसवायचा, त्या काढून घरीच ठेवल्या. जहाँआराने दारातून हे सगळं पाहिलं आणि ती आत निघून गेली.

घोडेगाव सोडलं, शिनोली मागे पडली, डांबर संपलं. खड्डे सुरू झाले तसा कासम कान देऊन ऐकू लागला. पेटीतून काच कुरकुरल्याचा आवाज यावा म्हणून त्याने एक-दोन खड्डे मुद्दाम घेतले. गाडी खाली बसल्यासारखी व्हायची आणि पुन्हा वर यायची, बस्स. जिथे जुनी स्कूटर पहिल्या गिअरमध्ये रडायची त्या चढावर ही बया चकार शब्द न काढता चढली. मधल्या ओढ्यातल्या गोट्यांवरून गेली. कासमने वर जाऊन गाडी थांबवली, पेटी उघडली आणि लडीमागून लड हातावर घेऊन उन्हात धरून पाहिली. एकीलाही तडा नव्हता.

त्याला रडू आलं. बांगड्या शाबूत राहिल्या म्हणून रडणारा मण्यार ह्या डोंगरात तोच पहिला असेल. संपलं सगळं, त्याला वाटलं. आता मरेपर्यंत वर यायचं.

करवंदवाडी पहिली लागायची. उन्हं तापायला लागली होती. अंगणाअंगणात हिरडा वाळत घातला होता आणि माणसं सावलीला होती. कासमने गाडी ठकूबाईच्या घराच्या बाजूला, आंब्याखाली थांबवली. पाय पलीकडे टाकून उतरायच्या आधी गुडघा जरा मोकळा करावा म्हणून तो तसाच बसून राहिला. फटफट नव्हती, त्यामुळे कुत्रंसुद्धा उठलं नाही. कुडाच्या भिंतीपलीकडे पडवीत ठकूबाई बोलत होती. कासमला तिचा आवाज ऐकून बरं वाटलं.

"श्रेया, ती पितळंची काढ बाई हातातली. घड्याळ बी काढ. डब्यात ठेव. आज कासमभाऊ यायचाय, जानकूला फोन व्हता."

"आजी, मागच्या टायमाच्या बांगड्या अजून पेटाऱ्यात पडल्यात," नात म्हणाली. "कंपनीत काच चालत न्हाई. मी घालणारच न्हाई तर घ्यायच्या कशाला?"

"तुला कोण म्हणतंय घाल म्हणून? हात तेवढा पुढं कर. तो वळणाला गेला की उतरव."

"अन् उतरवताना फुटत्यात. मागच्या वेळेला आईला केवढी काच लागली."

"लागू दे. मला बी लागती. भात लावताना काचंचा काय उपेग? पर तो म्हातारा माणूस एवढा डोंगर चढून येतो. गाडीवरनं उतरताना स्वतःचा पाय हातानं उचलतो, बगितलं न्हाईस? त्याला आता तोंडावर सांगायचं, नगं म्हणून? काय वाटंल त्याच्या जिवाला?"

मग ठकूबाईच्या सुनेचा, जानकूच्या बायकोचा, अंजनाचा आवाज आला. ती काहीतरी पाखडत असावी, सुपाची फटफट मध्येच थांबली. "चारी वाड्यांच्या बायांनी ठरवलंय, घ्यायच्या म्हणून. पर खरं सांगू का आत्या, आता ह्या माणसानं बसावं घरी. त्याचा बी जीव सुटंल, अन् आपला बी."

"त्याला करमायचं न्हाई," ठकूबाई म्हणाली. "आपल्यासाठीच जगतोय त्यो."

कासम गाडीवर बसून होता. त्याला पहिल्यांदा राग आला, इतका की पेटी तिथेच आपटावी असं वाटलं. मग शरम वाटली. किती वर्षं ह्या बाया त्याच्यासाठी हात रिकामे करत होत्या, आणि तो घरी जाऊन जहाँआराला सांगत होता की माझ्याशिवाय त्यांचं अडतं. तो त्यांच्यासाठी चढत होता, त्या त्याच्यासाठी काच घालत होत्या, आणि दोन्हीकडची माणसं मरणाची दमली होती. आणि शरमेच्या खालून, हळूहळू, त्याला हलकं वाटू लागलं. कुणी वाट बघत नव्हतं. त्याला सुटायचं होतं आणि तो सुटलेलाच होता. मग छातीत दुखतंय कशाने, हे त्याला कळेना.

ऋषीने गाडी मागे घेण्याचं एक बटण दाखवलं होतं. कासमने ते दाबलं. गाडी आवाज न करता मागे सरकली, आंब्याखालून निघाली, वाटेला लागली आणि खालच्या वळणापर्यंत गेली. तिथे त्याने हॉर्नवर अंगठा ठेवला आणि चांगला लांबलचक वाजवला. जरा थांबला, पुन्हा वाजवला. वरून डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला, कुणीतरी धावलं, कुणीतरी कुणाला हाक मारली. सगळं उरकायला पुरेल इतका वेळ तो वळणावर उभा राहिला आणि मग वर गेला.

"अगं बया! आवाजच न्हाई की ह्या गाडीला," ठकूबाई अंगणात येत म्हणाली. "हॉर्न वाजला म्हणून कळलं. या भाऊ, या. वाटच बघत व्हतो."

"ठाऊक हाय," कासम म्हणाला.

बाया जमल्या. हात धुऊन बसल्या. श्रेयाने हात पुढे केला तेव्हा तिच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकी खूण होती. कासमने तिच्याकडे न बघितल्यासारखं केलं. त्याने तिचा हात हातात घेतला, अंगठा दुमडला. माप त्याच्या हाताला नजरेआधी कळायचं. नेहमी तो बरोबर बसेल अशी, अगदी अंगासरशी बांगडी निवडायचा. सैल बांगडी भरणं म्हणजे मण्याराची अब्रू गेली, असं त्याचा बाप म्हणायचा. कासमने नेहमीच्या मापाची लड बाजूला ठेवली आणि तिच्यापेक्षा मोठ्या मापाची उचलली. बांगड्या श्रेयाच्या हातात अलगद गेल्या. अलगद निघाल्याही असत्या. अंजनाच्या हातातही त्याने तशाच भरल्या. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या सासूच्या आणि तिच्या सुनेच्या हातातही तशाच भरल्या.

शेवटी ठकूबाईने हात पुढे केला. भरून झाल्यावर तिने हात वर उचलला. बांगड्या घसरून थेट कोपरापाशी गेल्या. तिने हात खाली केला, त्या परत मनगटावर आल्या आणि पुढे गळू लागल्या.

"आज सैल भरल्या, भाऊ."

"उन्हाळा हाय. हात सुजत्यात," कासम म्हणाला. "निघताना त्रास नगं."

ठकूबाईने एकदा त्याच्याकडे आणि एकदा घराशेजारच्या आंब्याकडे पाहिलं. आंब्याखालच्या धुळीत जाड दातेरी टायराची खूण उमटली होती, वर आलेली आणि पुन्हा मागे गेलेली. मग ती आपल्या हातातल्या बांगड्या निष्कारण सारख्या करत राहिली.

"हीच गाडी घेणार का, बाबा?" अंजनाने विचारलं. तिला काही कळलेलं नव्हतं.

"न्हाई. ही नगं. दुसरी एक हाय, बुटकी. रस्त्याची. ती घेतोय."

"मंग ती वर यायची न्हाई."

"न्हाई यायची." कासमने पेटीचं झाकण अजून लावलं नव्हतं. "पोरगा म्हणतोय हीच घ्या. पर हिच्यावर काच हादरती. डोंगरात टिकायची न्हाई."

पेटी सगळ्यांसमोर उघडी होती. लडी जशाच्या तशा होत्या, कुठे टवका नव्हता, तळाला काचेचा कणसुद्धा नव्हता. ठकूबाईने वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई हादरत असंल."

"अन् आता मी बी थकलो, ठकूबाई," कासम म्हणाला. हे वाक्य आपल्या तोंडून इतकं सरळ निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. घरात जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते ह्या अंगणात, हिरड्याच्या वासात जमून गेलं.

"मंग ऱ्हाऊ द्या, भाऊ. खालचीच घ्या." ठकूबाई म्हणाली. "आमी येऊ की घोडेगावला, बाजाराला."

"या," तो म्हणाला. त्या येणार नव्हत्या. हे दोघांनाही ठाऊक होतं.

बांगड्या भरून झाल्या की मण्याराच्या पाया पडायचं, ही रीत. बाया एकेक करून वाकल्या, श्रेयाही वाकली. "सुखी ऱ्हा," कासम प्रत्येकीला म्हणाला. ठकूबाई त्याच्यापेक्षा वयाने मोठी, ती कधी वाकायची नाही, नुसते हात जोडायची. आज ती वाकली. कासम घाईने मागे सरला, "अवं, हे काय, हे काय" म्हणाला, पण तोवर ती वाकून उठली होती.

त्याने पेटी बांधली. विजार मुठीत धरून पाय पलीकडे टाकला आणि ह्या वेळी कुणी बघतंय का हे पाहिलं नाही. गाडी गुपचूप खालच्या वळणाकडे निघाली. बाया अंगणाच्या कडेला उभ्या होत्या, हात हिरवेगार, आणि कुणी हलत नव्हतं. तो दिसेनासा होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहणार होत्या.

आरशात ते सगळं अंगण दिसत होतं. कासमने हात लांब करून आरसा खाली, रस्त्याच्या धुळीकडे वळवला आणि वळण घेतलं.